दिवा बारीक करण्याची बालबोध मार्गदर्शिका (उदगीर आवृत्ती)

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी नव्या घराच्या पीओपीला चौफेर एलईडीची पट्टी लावून घेतली, बिल चुकतं केलं, आणि वास्तुशांत आटोपल्यावर वायरमनला फोन करून विचारलं, "अण्णा, हे जरा बारीक होत नाही का?", ते सगळे नवशिके. अण्णा म्हणतात, "होतंय की, त्यात काय!" त्यात काय काय आहे ते पुढे क्रमानं दिलं आहे. क्रम मध्येच तुटला तर लाईट गेली असं समजावं.

साहित्य: एक टेस्टर, टेपची गुंडाळी, एक पेन, मोबाईल, आणि "उद्या येतो" म्हणून उद्याच येणारा वायरमन. शेवटची वस्तू उदगिरात न मिळाल्यास लातूरला किंवा बिदरला चौकशी करावी. तिथेही न मिळाल्यास बाकीचं साहित्य पुसून ठेवून द्यावं.

पायरी पहिली: पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहणे

ही पायरी सगळेच करतात, म्हणून दिली आहे. बटण फिरवलं की पंखा हळू होतो, मग दिवा का होऊ नये? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि पिवळ्या बल्बच्या काळात तो खराही होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. दिव्याचा रेग्युलेटर, म्हणजे डिमर, त्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा तुकडा छाटतो. बल्बमधली तार आधीच लालबुंद तापलेली. दोन लाटांमधल्या फटीत थंड व्हायला तिला सवड मिळत नाही. त्यामुळे उजेड मुकाट कमी व्हायचा, जाता जाता थोडा तांबूस व्हायचा, आणि घरातले म्हणायचे, किती छान वाटतंय! रंग बदलल्याची तक्रार तेव्हा कोणी केली नाही हे इथे नोंदवून ठेवतो.

एलईडी बल्बच्या पोटात ड्रायव्हर असतो. बाहेरचा दाब वरखाली झाला तरी आतला करंट ठाम ठेवायचा, एवढं एकच त्याला शिकवलेलं. संध्याकाळी व्होल्टेज पडून पिवळा बल्ब विझायला टेकतो तेव्हाही एलईडी ढिम्म असते ती याच्याच जिवावर. आता याच ड्रायव्हरसमोर तुम्ही लाट छाटायला बसता. त्याला वाटतं, व्होल्टेज डाऊन झालं. तो इमानेइतबारे भरपाई करतो. तुम्ही आणखी छाटता, तो आणखी भरपाई करतो, आणि एका ठिकाणी त्याचे हात टेकतात. तिथून भकभक सुरू होते. शिवाय डिमरमध्ये ही छाटणी करणाऱ्या ट्रायॅकला चालू राहण्यासाठी किमान भार लागतो. जुने डिमर ४० नि ६० वॉटच्या बल्बांचा हिशेब धरून केलेले. ९ वॉटची एलईडी त्यांच्या खिजगणतीतही नसते.

याच पायरीवर काही घरांत भुताटकीचा शोध लागतो. बटण बंद करूनही रात्री दिवा मिणमिणतो, किंवा थोड्या थोड्या वेळानं एकदा डोळा मिचकावतो. घाबरू नये, कोणाला बोलावूही नये. बटणातल्या लाल इंडिकेटरमधून, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल तर त्या वायरिंगमधून, थोडासा करंट झिरपत राहतो आणि ड्रायव्हरचा कपॅसिटर भरत जातो. भरला की दिवा क्षणभर लागतो, पुन्हा रिकामा. बटण फेजवर घ्यावं, इंडिकेटर काढावा. बोर्डाला लिंबू-मिरची बांधल्यानं न्यूट्रलची फेज होत नाही.

पायरी दुसरी: 'डिमेबल' बल्ब आणणे

पेटीवर तसं छापलेलं असावं. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशभर ३६ कोटींच्या वर एलईडी बल्ब गेले. ते वीज वाचवायला होते, वातावरणनिर्मितीला नव्हे. दुकानदार "सगळे सारखेच असतात, घ्या" म्हणाला तर समजावं की तो बल्ब डिमेबल नाही.

पायरी तिसरी: पट्टीचं व्होल्टेज कमी करणे

ही पायरी मुद्दाम करून बघावी, म्हणजे पुन्हा करावीशी वाटणार नाही.

छताच्या खाचेतली पट्टी बहुधा १२ व्होल्टची असते. तिच्यावर ठरावीक अंतरानं कात्रीची खूण असते. दोन खुणांच्या मध्ये तीन एलईडी आणि एक रेझिस्टन्स, सगळे एका माळेत. रंगीत पट्टीत लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन स्वतंत्र माळा, आणि तिन्ही पेटल्या की पांढरा. लाल एलईडीला २ व्होल्ट लागतात असं धरा, निळीला ३.२. म्हणजे लाल माळेत तीन एलईडींचे ६ व्होल्ट गेले, रेझिस्टन्सच्या वाट्याला उरले ६. निळ्या माळेत गेले ९.६, उरले २.४. माळेतला करंट या उरलेल्यावर ठरतो.

आता अण्णांनी पट्टीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून १२ चे साडेदहा केले. लाल माळेत उरले ४.५, म्हणजे करंट पाऊणपट. निळ्या माळेत उरले ०.९, म्हणजे करंट निम्म्याहूनही कमी, ३७ टक्क्यांच्या आसपास. मागितला होता बारीक पांढरा, मिळाला गुलाबी.

एसएमपीएसला हात न लावताही हे साधतं. हॉलभर फिरवलेली पंधरा मीटर पट्टी एकाच टोकाकडून चालवली की पट्टीच्या पातळ तांब्यातच व्होल्टेज गळत जातं. दाराशी पांढरा, मधे मोतिया, देवघराशी थेट भगवा. पाहुण्यांनी विचारलं, "थीम आहे का?", तर हो म्हणावं. खरा उपाय करायचा असेल तर दर पाच मीटरला सप्लायची वेगळी वायर द्यावी, किंवा मुळातच २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. उपाय पीओपीला रंग देण्याआधी करायचा असतो. तो नंतर आठवतो, हा या पायरीचा स्थायी भाव आहे.

पायरी चौथी: करंट छाटावा की वेळ छाटावा

इथे थोडं बूड टेकून बसावं लागेल.

पांढरी एलईडी मुळात निळी असते. कार्यक्षम निळ्या एलईडीचा शोध लावल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते उगाच नाही. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला जातो. निळा उजेड त्यातून बाहेर पडताना काही भाग पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा पांढरा रंग म्हणजे निळ्या-पिवळ्यातली तडजोड आहे, आणि कुठलीही तडजोड परिस्थिती बदलली की जराशी सरकते. करंट कमी केला की निळ्याची तरंगलांबी किंचित वाढते. चिप थंड झाली की ती उलट दिशेला जाते. लेपाचं वागणंही तापमानासोबत बदलतं. सगळ्यांची गोळाबेरीज म्हणजे थोडासा रंगबदल. एकटा दिवा पाहून तो कळत नाही. शेजारी पूर्ण तेजानं जळणारा त्याच पेटीतला दुसरा दिवा असला की लगेच कळतो. करंट फारच कमी केला तर आणखी एक घोळ होतो: एकाच कंपनीच्या, एकाच पेटीतल्या एलईडी सारख्या पेटेनाशा होतात. एक ठळक, दुसरी फिकी, तिसरी रुसलेली.

म्हणून दुसरी युक्ती निघाली. करंट पूर्णच द्यायचा, पण तुकड्यातुकड्यांनी. दहा टक्के उजेड हवा तर दहातला एक हिस्सा वेळ दिवा चालू, नऊ हिस्से बंद. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. चालू असतो तेव्हा करंट पूर्ण असतो, त्यामुळे रंग जवळजवळ जागचा हलत नाही. सगळा प्रश्न एवढाच उरतो की हे चालू-बंद सेकंदाला किती वेळा.

सेकंदाला शंभर वेळा म्हटलं तर बहुतेकांना सरळ बघताना काही दिसत नाही. पण नजर हलली की दिव्याच्या जागी ठिपक्यांची रांग दिसते, आणि काहींचं दोन तासांनी डोकं धरतं. अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेनं २०१५ साली १७८९ क्रमांकाच्या शिफारशींत यावर एक सोपा हिशेब दिला. लुकलुक सेकंदाला ९० पेक्षा जास्त वेळा होत असेल तर त्या संख्येला ०.०८ नं गुणायचं. येईल तेवढे टक्के चढउतार चालतील, त्यात धोका कमी. १०० ला ८ टक्के. पूर्ण चालू-पूर्ण बंद म्हणजे चढउतार १०० टक्के, त्याला उलट्या हिशेबानं किमान १२५० हर्ट्झ लागतात. ३००० च्या वर गेलात की कोणी काही विचारत नाही. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला जो आर्डुइनो उनो वापरतात त्याचा पीडब्ल्यूएम मुळात ४९० हर्ट्झचा असतो, दोन पिनांवर ९८०. म्हणजे प्रोजेक्टला पूर्ण मार्क पडले तरी दिवा या परीक्षेत नापासच.

(१७६० साली सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं, तेव्हा छावणीत रात्री मशालीच असणार. मशालही फडफडते, पण तिची फडफड ठोक्यावर नसते आणि ती मधेच पूर्ण काळोखही करत नाही. पीडब्ल्यूएम दोन्ही करतो.)

दिवा बारीक करण्यातली मेख डोळ्याची आहे. डोळा उजेड सरळ मोजत नाही. उजेड १८ टक्क्यांवर आणला की तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. १० टक्क्यांवर आणला तरी चाळीसच्या आसपास भासतो. "अजून बारीक, अजून थोडा" असं मालक म्हणत राहतात ते म्हणूनच, आणि खरी कसोटी तळच्या पाच टक्क्यांत लागते. साध्या कंट्रोलरमध्ये एकूण २५६ पायऱ्या. वरच्या टोकाला २५४ वरून २५५ झालं तर कोणाला पत्ता लागत नाही. तळाला १ वरून २ म्हणजे उजेड एकदम दुप्पट. दिवा हळूहळू मालवण्याऐवजी जिना उतरतो आणि शेवटची पायरी चुकतो. म्हणून ४०९६ किंवा ६५,५३६ पायऱ्या घ्याव्यात म्हटलं, तर दुसरीकडून बोट कापतं: १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून ६५,५३६ पायऱ्या काढायच्या तर सेकंदाला जेमतेम २४४ फेऱ्या होतात. पायऱ्या वाढवल्या की लुकलुक आली, लुकलुक घालवली की पायऱ्या गेल्या.

चांगले ड्रायव्हर यातून मधला रस्ता काढतात. पूर्ण तेजापासून वीसेक टक्क्यांपर्यंत करंट कमी करत यायचं, कारण तिथवर रंग फारसा सरकत नाही, आणि त्याखाली वेगवान पीडब्ल्यूएम. आमचं मत विचाराल तर एवढंच लक्षात ठेवा: छाटायचं ते ड्रायव्हरच्या पुढच्या, डीसी बाजूला. मागच्या २३० व्होल्टच्या बाजूला कात्री चालवून जे काही होतं ते पहिल्या पायरीत सांगून झालं आहे.

पाचवी पायरी म्हणजे वायरमनची वाट पाहणे. ती चालू असताना सहावी करून घ्यावी.

पायरी सहावी: परीक्षा

दिव्याखाली पेन आडवं धरून पंख्यानं वारा घालावा तसं झपाझप हलवावं. पेनाचा सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा पास. एकामागे एक सुटी सुटी पेनं उभी दिसली तर दिवा लुकलुकतो आहे, मग तो विकणाऱ्यानं काहीही शपथ घेतली असो. मोबाईलचा कॅमेरा दिव्याजवळ नेला की पडद्यावर काळे पट्टे सरकतात, तोही पुरावाच. मात्र हल्लीचे फोन हुशार झालेत, पट्टे आपणहून लपवतात. तेव्हा स्लो मोशन लावावं. पेन मात्र फितूर होत नाही.

हा प्रयोग मंगल कार्यालय ठरवताना, इसार देण्याआधी करावा. नवरीच्या एन्ट्रीला दिवे हळूहळू बारीक व्हावेत ही हल्ली रीतच झाली आहे. दिवे बारीक होतात, आणि त्याच क्षणी व्हिडिओत नवरीच्या शालूवरून काळे पट्टे वर चढू लागतात. सगळे शूटिंगवाल्यावर धावतात. त्यानं शटर १/६० ठेवलं असेल तर थोडी चूक त्याची, आपल्याकडे ते १/५० किंवा १/१०० हवं. पण दिवेच स्वस्त कंट्रोलरवर सेकंदाला दोन-तीनशेच्या बेसूर तालात लुकलुकत असतील तर बिचारा कुठलंही शटर लावो. मंचामागची एलईडीची भिंत भाड्यानं घेतानाही तिचा रिफ्रेश विचारावा: १९२० हर्ट्झ की ३८४०. उदगीर हे २०२२ साली ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलेलं गाव आहे; मंच, माईक आणि माणसं यांची इथे सवय आहे, दिव्यांना प्रश्न विचारायची तेवढी लावून घ्यायची.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी: डाळ मिल

घरचा दिवा गुलाबी झाला तर पाहुणे हसतील, फार तर. रंग न बदलता आणि न लुकलुकता दिवा बारीक करण्याची गरज ज्याला पैशात मोजता येते तो माणूस बघायचा असेल तर उदगीरच्या डाळ मिलमध्ये जावं.

भरडून, पॉलिश होऊन डाळ शेवटी सॉर्टेक्सवर, म्हणजे रंग बघून दाणे निवडणाऱ्या मशीनवर येते. उतरत्या पन्हाळीवरून ती सरसर खाली सुटते. तळाशी पुढूनमागून कॅमेरे रोखलेले आणि त्यांच्या बाजूनं एलईडीच्या पट्ट्या. काळा दाणा, टरफल चिकटलेला दाणा, खडा, जो रंगात बसत नाही तो दिसला की हवेचा इजेक्टर 'फट्' करून त्याला बाजूच्या पन्हाळीत उडवतो. मशीनजवळ उभं राहिलं की हा फटफटाट पाऊस पडल्यागत सलग ऐकू येतो. उडालेली एकेक डाळ वेगळी दिसत नाही, खालच्या रिजेक्शनच्या पोत्यातली रास तेवढी वाढताना दिसते.

आता हिशेब करू. दाणा सेकंदाला ३ मीटर वेगानं सुटतो असं धरा. १०० हर्ट्झच्या लुकलुकत्या दिव्याचा एक झोका १० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात दाणा ३० मिलिमीटर खाली गेला. डाळ ५ मिलिमीटरची धरली तर सहा डाळींची लांबी झाली. यातल्या काही उजेडात गेल्या, काही सावलीत. कॅमेरा तर रेघेरेघेनं बघतो, सेकंदाला हजारो रेघा. सावलीतून गेलेली अस्सल पिवळी तूरडाळ त्याला काळपट दिसते, आणि 'फट्'. माल चांगला, पोतं रिजेक्शनचं. म्हणून या मशीनमधल्या एलईडी स्थिर डीसी करंटवर चालवतात, नाहीतर त्यांचा लखलखाट कॅमेऱ्याच्या रेघांशी ठोक्याला ठोका जुळवून ठेवतात.

दिवा बारीक करायचा तोही इथे हौसेखातर नाही. दाण्यामागे जी उजेडाची पार्श्वभूमी असते तिचं तेज चांगल्या डाळीइतकंच जुळवायचं, अशी यातली जुनी रीत. नीट जुळलं की चांगली डाळ कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही, मागच्या उजेडात विरघळून जाते, आणि वाईट दाणा तेवढा उठून दिसतो. पार्श्वभूमी कमी करताना तिचा रंग सरकला की हा मेळ बसत नाही. उष्णतेचं दुखणं वेगळंच. एलईडी तापली की तिचा उजेड घटतो, आणि लाल एलईडीचा निळीपेक्षा बराच जास्त घटतो. सकाळी थंड मशीनवर केलेलं सेटिंग मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या दुपारी तसंच लागू पडत नाही ते त्यामुळे. आधी मशीन तापू द्यायचं, पांढऱ्या पट्टीवर कॅमेरा जुळवून घ्यायचा, मग माल सोडायचा. ट्यूबलाईटच्या जमान्यातल्या मशीनांना तर ट्यूब म्हाताऱ्या होत जाण्याचाही आजार होता.

आणि एवढं सगळं होऊन माल पोत्यात पडल्यावर खरेदीला आलेला जाणता व्यापारी काय करतो? मूठभर वानगी हातावर घेतो, शेडच्या दारात जातो, तळहात उन्हाकडे करतो आणि बघतो. दारातल्या उजेडाला ड्रायव्हर नसतो, याची त्याला खात्री आहे.

मिलवाल्यांसाठी एक पुरवणी

ही पायरी नाही, आणि यात गंमतही नाही. मिलमधली साधी मोटर बहुधा मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. तिच्यावर चार आऱ्यांची पुली आहे आणि वर १०० हर्ट्झनं लुकलुकणारा स्वस्त एलईडी बल्ब आहे. दोन लखलखाटांच्या मध्ये पुली ८६.४ अंश फिरते. चार आऱ्या एकमेकींपासून ९० अंशांवर असल्यामुळे प्रत्येक आरी पुढचीच्या जागी जवळपास येऊन थांबल्यासारखी दिसते, ३.६ अंश मागे. परिणामी सेकंदाला २४ वेळा गरगरणारी पुली डोळ्याला उलट्या दिशेनं, सेकंदाला एक फेरी, सावकाश फिरताना दिसते. मोटरचा वेग आणि आऱ्या जुळून आल्या तर पूर्ण थांबलेलीही दिसते. पट्टा घसरलाय का बघायला हात नेमका तेव्हाच पुढे जातो.

मशीनच्या डोक्यावरचा दिवा आजच पेन हलवून तपासा. नापास झाला तर बदला. नवा येईपर्यंत मशीनवर एकाऐवजी तीन दिवे लावा आणि तिघांना तीन वेगवेगळ्या फेज द्या. एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढतो, त्यामुळे हा भास बराच कमी होतो. आणि चाक थांबलेलं दिसलं तरी हात घालण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घाला.